कारपेटवरची पकड

"रबरावर काहीतरी लिहा," असं संपादकांनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी आधी विचारलं, "पण वाचणार कोण?" पाहुण्यांत माझ्या धंद्याचा विषय निघाला की समोरचा माणूस दुसऱ्याच वाक्याला चहाच्या कपात बघायला लागतो, हा माझा नेहमीचा अनुभव. पण मग मला श्रीगोंद्याच्या पोरी आठवल्या आणि म्हटलं, त्यांच्याबद्दल लिहिलं तर लोक वाचतील.

आधी धंदा थोडक्यात सांगते. नगरच्या एमआयडीसीत आमचं रोलरचं छोटं युनिट होतं. छापखान्यात कागद पुढे सरकवणारा, कापड रंगवायच्या कारखान्यात ते पिळणारा, असा प्रत्येक रोलर म्हणजे लोखंडी दांडा आणि त्यावर रबराचा जाड थर. थर झिजला की तो आमच्याकडे यायचा. आम्ही जुनं रबर सोलायचो, नवं गुंडाळायचो, वाफेच्या भट्टीत पकवायचो आणि लेथवर घासून गुळगुळीत करून परत पाठवायचो. मी रसायनशास्त्र शिकलेली, म्हणून रबर कालवण्याचं खातं माझ्याकडे. सगळी कला एकाच गोष्टीत, रबर किती मऊ आणि किती कडक. खोडरबर आणि ट्रकचा टायर हे एकाच घरातले दोघे भाऊ, पण एकाचं काम दुसऱ्याला जमत नाही. कडकपणा मोजायला आमच्याकडे घड्याळासारखं एक यंत्र असतं. रबरावर दाबलं की काटा फिरतो आणि आकडा दाखवतो.

गिऱ्हाइकांना मात्र आकडे सांगता येत नसत. पापडाच्या मशिनचे एक मालक आले आणि म्हणाले, "बाई, कानाच्या पाळीएवढं मऊ पाहिजे." मी म्हटलं, कोणाच्या कानाच्या? ते गेल्यावर दार लावून मी खरंच स्वतःच्या पाळीला यंत्र लावून बघितलं. त्या आकड्याचा रोलर केला तर माणूस इतका खूश झाला, की पुढे कित्येक दिवाळ्यांना त्याच्याकडून पापडांचा डबा येत होता.

छापखाने एकेक करून बंद झाले तसं आमचंही काम आटलं. भागीदार थकले, कामगार दुसरीकडे लागले. शेवटी मी एकटीच सामान आवरायला जात होते. ज्या भट्टीच्या वासाला घरचे नाक मुरडायचे, ती थंड पडल्यावर शेडमध्ये मला परक्याच्या घरी आल्यासारखं वाटायचं. आणि नेमक्या त्याच दिवसांत एका दुपारी दारात एक छोटा टेम्पो येऊन थांबला.

टेम्पोतून एक मास्तर आणि शाळेच्या गणवेशातल्या पाच-सहा मुली उतरल्या. मागाहून चौघींनी मिळून एक चौकोनी ॲल्युमिनियमचा सांगाडा उतरवला. त्याला सहा चाकं, वर वायरींचा गुंता आणि पुढे एक सोंडेसारखा हात.

"मॅडम, मी शेलार. श्रीगोंदा तालुक्यातल्या शाळेत विज्ञान शिकवतो," मास्तर म्हणाले. "हा आमच्या मुलींनी बनवलेला रोबोट. याची चाकं घसरतात. कुणीतरी सांगितलं, रबराचं काही असलं तर तुमच्याकडे जा."

"चाकं सगळीकडं घसरत न्हाईत, काकू," एक उंच, हडकुळी मुलगी मध्येच म्हणाली. "शाळेच्या फरशीवर हा बुंगाट पळतो. कारपेटवर गेला की जागेवरच चाकं फिरवतो, चिखलात फसल्यावानी."

ही साक्षी. रोबोट चालवण्याचं काम तिचं. शेजारी हातात पाना घेऊन उभी असलेली बुटकी, अबोल मुलगी मयूरी. खोलणं आणि जोडणं तिच्याकडे.

हळूहळू सगळं कळलं. पुण्यात दरवर्षी शाळांच्या रोबोटांची स्पर्धा होते. मैदान एखाद्या वर्गाहून मोठं आणि त्यावर सगळीकडे कारपेट. रोबोटांनी चेंडू गोळा करायचे, टोपलीत टाकायचे आणि आडव्या येणाऱ्या रोबोटला ढकलून वाट काढायची. आदल्या वर्षी या मुलींचा रोबोट कारपेटवर ठेवल्यापासून कुणी ना कुणी त्याला ढकलतच होतं. एकदा तर दोघांनी मिळून त्याला कोपऱ्यात नेऊन ठेवलं आणि सामना संपेपर्यंत तो तिथंच चाकं फिरवत राहिला. लोक हसले. परत आल्यावर संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे दादासाहेब म्हणतात, ते म्हणाले होते, "आता हे एकच वर्ष. त्यानंतर ती खोली मला जुनं फर्निचर ठेवायला पाहिजे."

त्या खोलीतच मुलींचं सगळं होतं, हत्यारं, बॅटऱ्या, सुट्टीतले दिवस. खोली गेली की सगळंच गेलं.

मी चाक हातात घेतलं. कडक प्लॅस्टिक, नखसुद्धा रुतेना. मला हसूच आलं. म्हटलं, हे काय अवघड आहे? मऊ रबर चढवलं की काम झालं. इतकी वर्षं मी दुसरं केलं तरी काय होतं? त्या आठवड्यात मी भट्टी पुन्हा पेटवली आणि सहाही चाकांवर जवळजवळ पापडवाल्यांच्या रोलरइतकं मऊ रबर चढवून दिलं.

चाचणीला कारपेट हवं होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मंडपवाले बबनशेठ यांचं गोडाऊन आहे. लग्न, सत्कार, उद्घाटन, काहीही असो, कारपेट त्यांचंच. मी विचारल्यावर ते म्हणाले, "रबरवाल्या ताई, लागंल तेवढं घ्या. पर आधी झाडून घ्या, लई अक्षता अडकल्यात."

अक्षता झाडून कारपेट अंथरलं. साक्षीने रोबोट सरळ सोडला आणि तो असा सुटला की बबनशेठ दोन पावलं मागे सरले. मी कंबरेवर हात ठेवून उभी होते. मग साक्षीने त्याला वळवलं.

तो वळला नाही. उडाला. बेडकासारखा टुणटुण उड्या मारत, गदगदा हलत, निम्मा वळला आणि बंद पडला. जास्त भार आला की वीज तोडणारा आतला स्विच पडला होता. मयूरीने मोटरला हात लावून झटकन मागे घेतला. "तापली," एवढंच म्हणाली.

माझी कंबरेवरची ऐट तिथंच उतरली. छापखान्याच्या रोलरला कधी वळायचं नसतं, ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. या रोबोटला गाडीसारखं स्टिअरिंग नाही. डाव्या बाजूला तीन चाकं, उजव्या बाजूला तीन. वळायचं तर एका बाजूची पुढे आणि दुसऱ्या बाजूची मागे फिरवायची. अशा वेळी पुढची आणि मागची चाकं कारपेटवर आडवी घासत जातात. त्यांना पकड जास्त असली की ती घासतच नाहीत, अडून बसतात. सरळ जाताना जी पकड हवी, तीच वळताना नको. मी पकड दिली आणि वळणं काढून घेतलं.

"थोडं कडक करून बघू," मी म्हटलं. कडक केलं, तर वळायला लागला पण ढकलाढकलीत हरायला लागला. पुन्हा मऊ केलं. असं दोन-तीनदा झालं. शेलार सर चष्मा पुसत राहिले. साक्षी चिडली होती. शेवटी मयूरी बोलली. तिच्या घरची ऊस वाहणारी, बैलांची टायरगाडी आहे, कारखान्याच्या रांगेत ती वडिलांबरोबर कितीदा बसलेली.

"काकू, आमची बैलगाडी जागच्या जागी वळती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला वळायला अख्खं वावर लागतं."

"मग?"

"गाडीला दोनच चाकं हायेत म्हणून. आपन मधली दोन चाकं जराशी खाली घेऊ. भार त्यांच्यावर येईल. वळताना बाकीची नुसती टेकतील."

शेलार सर एकदम उठले. "अगं, परदेशातल्या रोबोटांच्या व्हिडिओत असंच बघितलंय मी! डुलतात जरा. मला वाटायचं, बिघडलेत."

मयूरीने मधल्या आसाची भोकं एका नाण्याच्या जाडीएवढी खाली घेतली. रोबोट किंचित पुढे-मागे डुलू लागला, पण वळला. जत्रेतल्या पाळण्यासारखा गोल फिरला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि बबनशेठनी चहा मागवला.

चहा पिऊन होईपर्यंत दुसरं संकट उभं राहिलं. मघाशी घट्ट धरणारी चाकं पुन्हा घसरू लागली. उलटी करून बघितली तर प्रत्येक चाकाला करडी दाढी. मऊ रबर कारपेटचे तंतू चिकटवून घेत होतं आणि मग तंतूंवर तंतू, पकड कुठून राहणार? पुसलं की चालायचं, फेरी झाली की पुन्हा दाढी. पुण्याच्या मैदानावर पुसायला कोण देणार?

नुसत्या मऊपणाने भागत नाही, हे तेव्हा मला कळलं. कारपेट म्हणजे गवत. गवतावर सपाट चप्पल घसरते, खिळ्यांचा बूट रुततो. रबराला दात पाहिजेत, तंतूंच्या आत शिरणारे आणि फिरताना मोकळे होणारे. असे बारीक दात मला साच्याशिवाय पाडता येईनात.

ते दात मला सापडले शाळेच्याच वाटेवर. मुलींच्या गावाकडे जाताना जुन्या ओळखीच्या फोरमनना भेटायला मी साखर कारखान्यात थांबले. आम्ही त्यांचेही काही रोलर केलेले. गोडाऊनमध्ये साखरेची पोती तिरक्या पट्ट्यावरून थप्पीच्या टोकापर्यंत चढत होती. चढ एवढा, की माणूससुद्धा हात टेकत चढला असता. पोती मात्र ढिम्म न घसरता वर जात होती. पट्टा थांबल्यावर मी त्यावर हात फिरवला. वरचं रबर खडबडीत, उंचसखल, मांजराच्या जिभेसारखं.

"हा पट्टा झिजला की काय करता?"

फोरमन हसले. "कापून टाकतो, बाई. एक तुकडा माझ्या जिन्याच्या पायरीवर हाय. पावसाळ्यात पाय घसरत न्हाई."

मी दोन हात लांब तुकडा मागून घेतला आणि डिकीत टाकून थेट शाळेत गेले. मुलींनी त्याच्या पट्ट्या कापल्या, चाकांभोवती गुंडाळल्या, रिव्हेट मारल्या. त्या कामात मी नुसती बघत उभी होते. रबर माझं नव्हतं, हात माझे नव्हते, तरी मला भट्टी पेटवल्यावर व्हायचा तसाच आनंद होत होता.

एवढं झालं, तर आता कारपेट मिळेना. लग्नसराई जोरात, बबनशेठचं गोडाऊन रिकामं. ते म्हणाले, "एक काम करा. उद्या सकाळी मंगल कार्यालयात या. लाल मखमली कारपेट टाकतोय, लव असलेलं. वऱ्हाड यायच्या आत काय पळवायचं ते पळवा."

पण वऱ्हाड लवकर आलं. आम्ही रोबोट दारापासून स्टेजपर्यंतच्या लाल वाटेवर उतरवतोय, तोवर फेटे बांधलेली माणसं दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांत येऊन बसली सुद्धा. आता मागे कसं फिरायचं? साक्षीने रोबोटच्या मागे ओढ किती ते दाखवणारा ताणकाटा बांधला, तो मयूरीने धरला आणि रोबोट स्टेजकडे खेचू लागला. काटा छान वर गेला.

"पोरी, ह्यो पंगतीत वाढतो का?" नवरीच्या आजोबांनी विचारलं.

"न्हाई बाबा, फक्त ढकलतो."

"मग ठेवा इथंच. जेवायला गर्दी झाली की कामाला येईल."

परत येताना मात्र काटा खाली आला. तीच चाकं, तोच रोबोट, तेच कारपेट. पुन्हा गेलो, पुन्हा तसंच. मी वाकून हात फिरवला. लव स्टेजच्या विरुद्ध बाजूला, दाराकडे झुकलेली होती. लवेविरुद्ध जाताना दात रुतत होते, लवेबरोबर जाताना निसटत होते. मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवल्यासारखं. साक्षीने खाली बसून स्वतः हात फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून, आणि माझ्याकडे बघून मान हलवली. तेवढ्यात बँड वाजला आणि नवरदेव दारात आला. आम्ही रोबोट उचलून स्वयंपाकघराच्या दाराने पळालो. जेवल्याशिवाय मात्र नवरीच्या आजोबांनी जाऊ दिलं नाही.

पुण्याला मीही गेले. मोठा बंदिस्त हॉल, दिवे, लाउडस्पीकर, रंगीत टीशर्टातली शेकडो मुलं. आमच्या मुली रोबोटभोवती जवळजवळ सरकल्या. मग साक्षी मैदानाच्या कडेला बसली आणि कारपेटवर तळवा फिरवू लागली. पंच आले. "काही हरवलं का?"

"न्हाई सर. लव बघतीय."

पंचांना काही कळलं नाही, पण आम्हाला कळलं. कुठून कुठे ढकलायचं हे तिने तिथंच ठरवलं. पहिल्या सामन्यात समोरून आलेल्या रोबोटला तिने लवेच्या उलट्या दिशेने असं रेटलं, की तो थेट भिंतीला टेकला. आदल्या वर्षी हसलेल्यांपैकी कुणीतरी ओरडलं, "अरे, हे तेच आहेत का?" त्यानंतर आम्ही जिंकत गेलो. दोन सामन्यांच्या मध्ये मयूरी तारेच्या ब्रशने दातांतले तंतू काढायची. तेवढंच पुरायचं.

दुपारी शेजारच्या टेबलावर गडबड उडाली. पुण्याच्याच एका शाळेची टीम, सगळ्यांत वरच्या नंबरावर. त्यांच्या चाकावरचं विकतचं रबर फाटून लोंबत होतं आणि जास्तीचं आधीच संपलं होतं. त्यांचा कप्तान अद्वैत टेबलाटेबलांवर विचारत फिरत होता. आणि त्यांचा पुढचा सामना आमच्याशीच होता.

साक्षीने आमच्या पेटीतून उरलेली पट्टी काढली. मी तिचा हात धरला. "अगं, थांब. आपल्याला लागली तर?"

"काकू, मागच्या साली आम्ही अख्खा सामना घसरत हुतो. कुनी असं आलं असतं तर लई बरं वाटलं असतं." आणि ती गेली. मयूरी रिव्हेटगन घेऊन तिच्यामागे.

खरं सांगते, मला राग आला. पुढच्या सामन्यात त्या पोरांनी आम्हाला आमच्याच पट्टीवर उभं राहून हरवलं, तेव्हा तो आणखी वाढला.  मी फोरमनच्या पट्ट्याकडे बघत बसले आणि मनात दादासाहेबांचं जुनं फर्निचर त्या खोलीत लावून टाकलं.

अंतिम फेरीचा नियम मला ठाऊक नव्हता. तिथं दोन-दोन टीम जोडीने खेळतात आणि वरच्या नंबराची टीम आपला जोडीदार स्वतः निवडते. अद्वैतने माइक हातात घेतला. मोठमोठ्या शाळांची नावं सोडून त्याने आमच्या शाळेचं नाव घेतलं. कारण विचारल्यावर म्हणाला, "कारपेट त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळतं." हॉल हसला, पण साक्षी हसली नाही. तिने मयूरीचा हात एवढा घट्ट धरला होता, की मयूरी शेवटी "सोड गं" म्हणाली.

उपांत्य सामना जिंकला. अंतिम सामन्यात अद्वैतच्या रोबोटमध्ये चेंडू अडकला आणि थोडक्यात हरलो. चाकं शेवटपर्यंत घसरली नाहीत. दुसऱ्या क्रमांकाची ढाल घेऊन मुली गावी गेल्या.

पुढच्या आठवड्यात शाळेने मला शाल-नारळ द्यायला बोलावलं. कार्यक्रम दादासाहेबांच्या दालनातच. भलं मोठं टेबल, जड लाकडी खुर्ची आणि खाली जाडजूड निळं कारपेट. दादासाहेब ढाल उलटसुलट करून बघत म्हणाले, "दुसरा नंबर म्हंजे हरलाच की."

शेलार सरांनी मान खाली घातली. साक्षी मात्र पुढे झाली. "साहेब, दोन मिनिटं तुमी खुर्चीतच बसा. फक्त पाय वर घ्या."

"कशाला?"

"बसा तर."

मयूरी आणि बाकीच्यांनी रोबोट आत आणला. साक्षीने वाकून निळ्या कारपेटवर हात फिरवला, रोबोट खुर्चीच्या मागे नेऊन टेकवला आणि कळ दाबली. क्षणभर काहीच झालं नाही. मग खुर्ची हलली. दादासाहेब, त्यांची जड खुर्ची, हातातली ढाल, असा शंभरेक किलोचा सगळा ऐवज हळूहळू, न अडखळता, टेबलाला वळसा घालून दाराकडे निघाला.

"अरे, अरे! थांबवा!" ते ओरडले. खुर्ची थांबली. शिपाई दारात आ वासून उभा. मला वाटलं, संपलं आता.

दादासाहेबांनी मागे वळून त्या सहा चाकांच्या सांगाड्याकडे बघितलं. मग त्यांच्या मिशीखालून हसू फुटलं. "थांबवलं कशाला? चालू द्या की. पार व्हरांड्यापर्यंत."

"व्हरांड्यात न्हाई जमायचं, साहेब," मयूरी म्हणाली. त्या दिवशीचं तिचं ते पहिलंच वाक्य. "तिथं कारपेट न्हाई."

दादासाहेबांनी पाय आणखी वर घेतले, खुर्चीत नीट रेलून बसले आणि शिपायाला म्हणाले, "ते जुनं फर्निचर कुठंतरी दुसरीकडं ठेवा. आन या पोरींच्या खोलीत उद्याच्या उद्या कारपेट टाका."